लाल लाकडाची धूळ

ताई गेल्याचं मला आंजीच्या थांब्यावर कळलं. सकाळी उजाडता उजाडता भाऊजींचा फोन आला होता. ताईला दम लागलाय, आर्वीच्या दवाखान्यात भरती केलंय, तू ये. शाळेत रजेचा निरोप पाठवून मी वर्ध्याहून मिळेल त्या एसटीत बसले. आंजीला गाडी थांबली. मेथीच्या जुड्यांची टोपली घेऊन एक बाई चढत होती, टोपली दारात अडकली होती आणि कंडक्टर तिला ती आडवी धरायला सांगत होता, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. भाऊजी म्हणाले, "सुमन, आता घाई नको करू. आरामानं ये." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. गाडी सुटली, टोपली माझ्या पायाशी आली, बाईनं तिकिटासाठी पदराची गाठ सोडली... आणि मग मला त्या वाक्याचा अर्थ लागला. आर्वीपर्यंतचा बाकीचा रस्ता मी त्या मेथीच्या वासात काढला. अजूनही बाजारात मेथी दिसली की मी पुढे निघून जाते.

आता दीड महिना होत आला. ताईला, म्हणजे आर्वीच्या प्रमिलाला, गावाबाहेरची माणसं ओळखत होती ती तिच्या हातच्या लाकडी पेनांमुळे. पुण्याचे, बंगळूरचे, कुठकुठले लोक ते पेन खिशाला लावून फिरतात. त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलं नाही. ती कशी होती हे त्यांना कळावं म्हणून मी लिहायला बसले. पण लिहिताना लक्षात येतंय की तिची गोष्ट सांगायची, तर ज्या लाकडानं तिचं नाव झालं त्याच लाकडाविरुद्धची तक्रारही सांगावी लागणार. दोन्ही एकाच तोंडानं कसं सांगायचं, ते मला अजून नीट जमत नाही.

आमच्या बाबांचं आर्वीत बाजाराच्या रस्त्याला खरादाचं दुकान होतं. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीनं गोल कातायची मशीन. पलंगाचे पाय, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पाळण्याच्या दांड्या, दिवाळीच्या सुट्टीत पोरांचे भोवरे... दुकानातून आम्ही दोघी बहिणी घरी यायचो त्या केसांत भुसा घेऊनच. ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांना लकवा झाला आणि त्यांचा उजवा हात गेला. एका लग्नाच्या पलंगांचं काम अर्धं पडलं होतं. ताईनं कॉलेजची बॅग दुकानातच खुंटीला लावली आणि पटाशी हातात घेतली. बाबा स्टुलावर बसून सांगायचे, "दाबू नको, टेकव. नुसती टेकव." पलंग वेळेवर गेले. त्यानंतर गिऱ्हाईक आलं की हटकून विचारायचं, "श्रावणजी, हा पाय तुम्ही कातला की पोरीनं?" बाबा चार पाय समोर मांडून म्हणायचे, "तूच सांग ना बावा." कोणाला सांगता यायचं नाही. बाबांचा हात पुन्हा कधी चालला नाही, पण त्या एका वाक्यासाठी ते रोज दुकानात येऊन बसायचे असं मला वाटतं. ताई परत कॉलेजला गेली नाही. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केलेलीही मी ऐकली नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, ती मला म्हणायची, "तू पुस्तकं सांभाळ, मी मशीन सांभाळतो."

तिचं लग्न आर्वीतच झालं. भाऊजी, प्रकाश त्यांचं नाव, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. कमी बोलणारे, हात सदा ऑइलनं काळे. लग्नानंतर वर्षभरात बाबा गेले आणि खराद मशीन मॅटाडोरमध्ये घालून ताईच्या सासरी आली. घरामागे भाऊजींनी टिनाचं शेड घातलं, मोटार स्वतः बसवली, पट्टा स्वतः चढवला. काही वर्षं बरी गेली. मग लोखंडी पलंग आले, तयार सोफे आले, लाटणंसुद्धा लोक स्टीलच्या दुकानातून घेऊ लागले. मशीनवर कापड टाकलेलं असायचं. पेनांचं सुरू झालं ते विहारातल्या कार्यक्रमामुळे. जयंतीला दहावी-बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार व्हायचा आणि प्रत्येकाला एक पेन द्यायचे. आमच्या घरांत भिंतीवर जो फोटो असतो त्यात कोटाच्या खिशाला पेन आहे. पेन म्हणजे काय हे आमच्यात वेगळं सांगावं लागत नाही. ताई कमिटीवाल्यांना म्हणाली, "दरसाल पिलॅस्टिकचा काऊन देता? मी लाकडाचा करून देतो." आतली नळी, निब, टोपणाची क्लिप हे सगळं पार्सलनं मागवता येतं हे तिला तिची मुलगी समता हिनं मोबाइलवर शोधून दिलं. पहिले पेन बाभळीचे झाले, मग चिंचेचे, कडुनिंबाचे. जरा जाड होते, हातात बैलाच्या खुंट्यासारखे वाटायचे. पण पोरं ते घेऊन गावभर फिरली.

त्यांतला चिंचेचा एक पेन आमच्या ओळखीच्या एका वकिलांच्या खिशाला लागून नागपूरला गेला आणि तिथं पुण्याच्या एका गृहस्थानं तो पाहिला. पेन जमवण्याचा त्यांना नाद. त्यांनी ताईला फोन करून विचारलं, परदेशी लाकडाची गाठ पाठवली तर तिचा पेन कराल का? झाडाच्या खोडावर कधी कधी मोठी गाठ फुगते. आतलं लाकूड सरळ वाढायचं सोडून गुंतत जातं, ठिकठिकाणी डोळे पडतात. आपल्याकडे लाकूडतोडे अशी गाठ जळणात टाकतात. पण काही परदेशी झाडांच्या गाठींना फार मोठी किंमत येते, आणि त्यांचे पेन, चाकूच्या मुठी, दागिन्यांच्या डब्या करतात. पार्सल आलं तेव्हा मी आर्वीलाच होते. विटेच्या रंगाचा, बोटभर जाड आणि वीतभर लांब असा एक ठोकळा कागदात गुंडाळलेला होता. त्याची किंमत ऐकून भाऊजी म्हणाले, "एवढ्यात त माह्या गाडीचे दोन्ही टायर येते." ताईनं ओल्या बोटानं त्यावर एक रेघ ओढली. विटेचा रंग गेला आणि आतून लाल, नारिंगी, मधासारखं पिवळं असं सगळं एकदम वर आलं, मध्ये बारीक बारीक डोळे. आम्ही तिघं त्या ठोकळ्यावर वाकलो होतो. ताई हळूच म्हणाली, "पाह्य ना सुमन, असं वाटते का कोणी आतून आपल्यालेच पाहून राह्यलं."

तो पेन तिनं केला आणि पाठवला. मग पुण्याच्या त्या गृहस्थांचे मित्र, त्या मित्रांचे मित्र. बंगळूरचा एक व्यापारी हे लाकूड बाहेरून मागवायचा, ताई त्याच्याकडून थेट घेऊ लागली. ते कुठल्या जंगलातून येतं हे तिला नीट कधी कळलं नाही. एकदा तिनं त्याला फोनवर विचारलं, गाठ काढल्यावर झाड जगतं का? तो म्हणाला, मॅडम, कागद सगळे बरोबर आहेत. फोन ठेवून ताई मला म्हणाली, "मी झाडाचं विचारलं, तो कागदाचं सांगते." दोन-तीन दिवस ती त्याच विचारात होती. मग नवी ऑर्डर आली. बाभूळ, चिंच यांचे पेनही ती करत होती, पण तिचा जीव लाल लाकडातच गुंतला होता. मी एकदा म्हटलं, एवढ्या महागाच्या लाकडाची जोखीम कशाला घेतेस, साधं लाकूडही सुंदर दिसतं की. तिनं मशीन बंद केली. म्हणाली, "बाबानं जन्मभर लोकांच्या पलंगाचे पाय कातले. चांगलेच कातले. पण ते पलंगाखालीच राह्यले. हा पेन लोकं छातीशी ठेवते."

गाठीचं लाकूड दगाबाज असतं. आत कुठं पोकळी असेल, कुठं साल दबलेली असेल, वरून कळत नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेडच्या दारात आंबे चिरत बसले होते आणि ताई आत काम करत होती. पेन जवळजवळ झाला होता, पॉलिशपेपर लावायचा तेवढा बाकी होता. एकदम बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुकडे टिनावर जाऊन आदळले. ताईच्या गालावर ओरखडा आला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून तुकडे वेचायला लागली. भुशात हात घालून, फुंकर मारून, नखाएवढ्या ढलप्या ती ताटलीत गोळा करत होती. तोंडाला बांधलेला रुमाल गळ्यात उतरला होता. शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत लाल धूळ तरंगत होती आणि ती त्या धुळीत वाकून दोन तास बसली. सगळे तुकडे जुळवून, फटींत पितळेची पूड भरून तिनं तो पेन पुन्हा उभा केला. तो तिनं विकला नाही, मला दिला. फार सुंदर आहे. तो पाहिला की मला आधी ती धूळ दिसते, हे तिला मी कधी सांगितलं नाही... तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं की धुळीकडे पाहायचं असतं.

खोकला पुढच्याच हिवाळ्यात सुरू झाला. कापसाच्या हंगामात आर्वीत जिनिंग कारखान्यांच्या आसपास राहणारे पुष्कळ जण खोकतात, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. काढा झाला, वाफ झाली. मग दम लागू लागला. आणि हळूहळू एक गोष्ट भाऊजींच्या ध्यानात आली. ज्या दिवशी ती लाल लाकूड कातते त्या दिवशी संध्याकाळी दम लागतो. चार दिवस मशीन बंद असली की उतरतो. मी तिला वर्ध्याला माझ्याकडे आणलं आणि छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, फुंकायची तपासणी केली, लाकडाचं नाव विचारून लिहून घेतलं. म्हणाले, "हा दमा त्या लाकडाच्या धुळीमुळे आहे. त्यात जे काही आहे ते तुमच्या शरीराला आता चालत नाही. काम थांबवलंत तर फरक पडेल. नाही थांबवलंत तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी धूळ पुरेल."

"मास लावला त?" ताईनं विचारलं.

"मास्कनं कमी होईल, पण जाणार नाही. मी तुम्हांला खोटं सांगणार नाही."

"अन् बाभूळ? चिंच?"

"कुठल्याच लाकडाची मी हमी देत नाही."

मग ताईनं जे विचारलं ते ऐकून डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "डॉक्टरसाहेब, जे लोक हा पेन खिशाले लावते, त्याईले त काई होत नाई ना?" डॉक्टर म्हणाले, नाही, पॉलिश झालेल्या लाकडाचा त्रास नाही, त्रास धुळीचा आहे. ताईनं मोठा श्वास सोडला, तोही अडखळत. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "बरं झालं विचारलं."

भाऊजींनी त्याच आठवड्यात शेडला कुलूप लावलं आणि चाबी आपल्या युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. समता तेव्हा नागपूरला फार्मसीचं शिकत होती, तिनं फोनवर आईकडून वचन घेतलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. ताईचा खोकला कमी झाला, झोप लागू लागली. आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होतो आणि ताई मात्र रोज थोडी थोडी कमी होत होती. जेवण, स्वयंपाक सगळं वेळेवर, पण मन कुठंच नाही. समतानं शिलाई मशीन घेऊन दिली, तिच्यावर तिनं एक ब्लाउज शिवला आणि झाकण लावलं. कोणाच्या घरी बसायला गेली की तिचा हात आपोआप खुर्चीच्या पायावरून फिरायचा. एकदा माझ्याकडे तूर निवडत बसली असताना म्हणाली, "मले आता दम लागत नाई सुमन. पण सकाळी उठून कायले उठली, हेच समजत नाई." मी शिक्षिकेसारखी बोलले, मन रमव, विहारातल्या मुलींना काही शिकव, वगैरे. तिनं मान हलवली. ती मान हलवणं मला आवडलं नव्हतं.

असं वर्षभराहून जास्त चाललं. नंतरच्या उन्हाळ्यात मी आर्वीला गेले तेव्हा घरामागून मोटारीचा आवाज येत होता. शेडचं दार उघडं होतं, मोठा पंखा दाराकडे तोंड करून लावलेला, आणि ताई रबरी मास्क बांधून चिंचेचं लाकूड कातत होती. मला पाहून तिनं मास्क वर केला. चेहऱ्यावर मास्कचे वळ उठले होते आणि ती हसत होती. तसं हसताना मी तिला कितीतरी दिवसांनी पाहत होते. मी विचारलं, "कुलूप कोणी उघडलं वो ताई?" ती म्हणाली, "उघडलं." बस, एवढंच. भाऊजी नुकतेच निवृत्त होऊन घरीच होते. ते अंगणात खाट विणत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. समताला कळू द्यायचं नाही असं काही कोणी मला सांगितलं नाही, पण त्या घरात ते हवेत होतं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ताई तपासणीसाठी वर्ध्याला आली होती. माझ्या घराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबली, दम्याचा पंप तोंडाला लावला, पुन्हा चढली. चहा ठेवायला उठले तर ती ओट्याशी येऊन उभी राहिली. तिच्या बाहीच्या शिवणीत लालसर रंग बसलेला होता. माझी नजर तिथं गेली आणि माझी नजर गेलेली तिनं पाहिली. "धुतलं तरी जात नाई हे," ती म्हणाली, जणू डागाचीच गोष्ट होती. मग शाळेचं, माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारत राहिली. एसटीत बसवून दिली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "सुट्टीत येजो." ... त्या सुट्टीच्या आधीच मला जावं लागलं.

घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. पांढऱ्या साडीत ती लहान दिसत होती, लग्नाच्या आधीची वाटावी इतकी. शेजारच्या कमलाबाईंनी घरातून एक लाल पेन आणला आणि तिच्या हाताशी ठेवायला गेल्या, चांगल्या मनानंच. समता नागपूरहून नुकतीच पोचली होती. तिनं कमलाबाईंचा हात धरला. "ते लाकूड तिच्याजवळ नका ठेवू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळं अंगण ऐकत होतं. भाऊजींनी पुढे होऊन कमलाबाईंच्या हातातून पेन घेतला, कुठं ठेवावा हे न कळल्यासारखे क्षणभर उभे राहिले आणि मग तो आपल्याच शर्टाच्या खिशात ठेवला. समतानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काही दिवसांनी ताईच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे जेवून गेले. मांडवात आम्ही तिघंच उरलो, मी, समता आणि भाऊजी. समता पत्रावळी गोळा करत होती. हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं, "बाबा, शेडचं कुलूप कोणी उघडलं?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"आईनं मागितली होती चाबी?"

"नाई. तिनं नाई मागितली. मागितली असती त नाई दिली असती."

समता थांबली. भाऊजी खुर्चीच्या कडेला बसले होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "डेपोतून जेवाले घरी आलतो. तुही माय घरात नोती. मागं गेलो त शेडच्या दाराले डोकं टेकून झोपली होती, भुईवर. तापल्या टिनाले. उठवलं त म्हणते, इथं जरा वास येते लाकडाचा, म्हणून बसली होती... मी खिशातून चाबी काढली अन् खोललं. कायचाच इचार केला नाई."

"आणि लाल लाकडाचं? तेही माहीत होतं तुम्हांला?"

"पयले बाभूळच कातली तिनं. मग लाल काढलं. हो, मले माहीत होतं."

"मला एक फोन करता आला असता बाबा."

"तू नाई म्हटली असती."

"हो. म्हटलं असतं. आणि ती आज असती."

समता पत्रावळींचं गाठोडं घेऊन बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. त्या रात्रीच्या गाडीनं ती नागपूरला परत गेली. मी मध्ये बोलायला हवं होतं का, आणि बोलले असते तर कोणाच्या बाजूनं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. डॉक्टर बरोबर होते. समता बरोबर आहे, औषधांचं तिला कळतं, ती रोज काउंटरवर लोकांना पंप देते. आणि तरी ते तापलेलं टिन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दारात मी असते तर काय केलं असतं? मला खरंच सांगता येत नाही. ताईच्या त्या वर्षाला आयुष्य म्हणायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार कोणाचा होता... तिचाच ना? पण तिनं तर तोंडानं काहीच मागितलं नव्हतं.

शेडमध्ये लाल लाकडाचे काही ठोकळे अजून आहेत. बंगळूरच्या व्यापाऱ्यानं फोन करून दुःख व्यक्त केलं आणि मग, जरा थांबून, उरलेलं लाकूड परत घ्यायची तयारी दाखवली. तो वाईट माणूस नाही, त्याचा धंदा आहे. मी म्हटलं, देऊन टाकू, मोठ्या कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रं असतात, तिथं कोणाच्या तरी कामी येईल. समता फोनवर म्हणाली, "मावशी, ते कारखान्यात जाईल कशावरून? असंच कोणाच्या घरामागच्या शेडमध्ये जाईल." जाळायचं म्हटलं तर धूर. पुरायचं म्हटलं तर भाऊजींना सोसवेना. म्हणाले, तिनं एक एक निवडून घेतला होता. शेवटी ते ठोकळे तेलाच्या रिकाम्या पिंपात घालून वर झाकण पक्कं बसवलं. पिंप तिथंच आहे. निर्णय झालेला नाही आणि होईल असं मला वाटत नाही.

मागच्या रविवारी मी आर्वीला गेले. समता आदल्या दिवशीच आली होती, आईच्या साड्या वाटायच्या होत्या म्हणून. बापलेकीत कामापुरतं बोलणं चाललं होतं. पाणी तापलं, जेवण वाढलं, तेवढंच. जेवणानंतर भाऊजी बादली आणि फडकं घेऊन मागे गेले. काही वेळानं समतानं मला हाक मारली. ती शेडच्या दाराबाहेर हाताची घडी घालून उभी होती. आत भाऊजी गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं जमीन पुसत होते. जमीन झाली, मग टेबलाचे पाय, मग मशीनचा सांगाडा, एक एक फट.

"आता कायले भाऊजी," मी म्हटलं. "मशीन त बंद हाये."

"धूळ त बसतेच," ते म्हणाले.

कुंपणापलीकडून कमलाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "रोजचंच हाये बाई त्याईचं. शेड उघडलं तेव्हापासून. प्रमिलाच्या हातात झाडू येऊ देत नोते. ती काम करून उठली का हे ओलं फडकं घेऊन आत. म्हणे, झाडलं त उडते, पुसलं त उडत नाई." मला हे ठाऊक नव्हतं. समतालाही नव्हतं, हे तिच्याकडे पाहून कळलं. भाऊजींनी कमलाबाईंचं बोलणं ऐकलं असेल, पण त्यांनी मान वर केली नाही. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. पाणी जवळजवळ स्वच्छच होतं.

समतानं ओढणी नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट बांधली, आत गेली, बादली उचलली आणि बाहेर नळावर आणून रिकामी केली. नवं पाणी भरून ती बादली वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि पुन्हा दाराबाहेर येऊन उभी राहिली. भाऊजींनी फडकं बुडवलं, पिळलं आणि मशीनच्या खालचा, हात पुरत नाही तो कोपरा पुसण्यासाठी ते जमिनीवर आडवे झाले.